आगाशीतला एक रिपोर्ट आणि फॉस्फेट तोडणारं विकर

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमाराला वाडीतली शेजारीण प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. पिशवीत तिच्या नातवाचा रक्ताचा रिपोर्ट होता. पोर अडीच वर्षांचं. पंधरा दिवसांपूर्वी त्याला ताप आणि जुलाब झाले होते. ते बरे झाले, पण एरवी सुकेळीचा तुकडा दिसला की धावत येणारं ते पोर काही खाईना, म्हणून रक्त तपासलं होतं. रिपोर्टात बाकीच्या ओळी साध्या होत्या. एकच ओळ ठळक आणि तिच्या शेजारी तारा: अल्कलाइन फॉस्फेटेज ३१४०. समोर छापलेली मर्यादा ४० ते १३०.

"ताई, मोबाइलवर बघितलं पोरांनी. हाडाचा कॅन्सर असला की हे वाढतं म्हणे."

मुलाचा बाप पहाटे टेम्पो घेऊन वाड्यांतला सोनचाफा आणि भाजी दादरला पोचवतो. त्याने त्या दिवशी फेरी रद्द केली होती आणि मुंबईत सगळ्या अंगाचा स्कॅन कुठे होतो, किती पैसे पडतात, याची चौकशी करून ठेवली होती. बायकोची चेन मोडायचं घरात ठरल्यासारखंच होतं.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं. आगाशीहून विरारला यायचं, लोकल पकडायची, आणि दिवसभर लोकांच्या रक्तातलं काही ना काही मोजायचं. अल्कलाइन फॉस्फेटेजच्या तपासण्या किती हजार केल्या त्याची गणती नाही. तरी तो आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला, हे लपवून उपयोग नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की रात्रीत काही मोडू नका, विकू नका, उद्या सकाळी आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा. ते गेल्यावर कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. आयुष्यभर जे मोजलं ते नक्की काय आहे, हे त्या रात्री मी पहिल्यांदा सलग वाचलं. हा लेख त्यातूनच आलेला आहे.

नावापासून सुरुवात करू. फॉस्फेट म्हणजे एक फॉस्फरस आणि त्याच्याभोवती चार ऑक्सिजन. शरीरातल्या असंख्य रेणूंना ही शेपटी जोडलेली असते. साखरेला जोडलेली असते, प्रथिनांना असते, डीएनएच्या धाग्यात तर एकेका कडीला ती असतेच. ती शेपटी पाण्याच्या मदतीने तोडून मोकळी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ते फॉस्फेटेज. 'अल्कलाइन' हे विशेषण मात्र शरीराचं नाही, परीक्षानळीचं आहे. नळीत हे विकर पीएच दहाच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतं म्हणून ते अल्कलाइन. आपल्या रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि दहाच्या जवळ गेलेला माणूस रिपोर्ट न्यायला यायचा नाही. शास्त्रात अशी कितीतरी नावं तपासणाऱ्याच्या सोयीने पडलेली आहेत.

शेपटी तोडायला विकर कशाला लागतं? आपण तर आतून पाण्यानेच भरलेलो आहोत. उत्तर फॉस्फेटच्या विद्युतभारात आहे. त्याच्या ऑक्सिजनवर ऋणभार असतो, आणि पाण्याच्या रेणूतला जो ऑक्सिजन फॉस्फरसवर धाव घेणार तोही ऋणभाराकडे झुकलेला. दोघे एकमेकांना ढकलतात. त्यामुळे पाण्यात बुडालेली असूनही फॉस्फेटची जोडणी जवळजवळ तुटत नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड वुल्फेंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. साध्या फॉस्फेट एस्टरचे निम्मे रेणू नुसत्या पाण्याने तुटायला, २५ अंश तापमानाला, सुमारे एक लाख कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं धरलं तर त्याच्या सत्तर पटींहून जास्त. म्हणून तर डीएनए टिकतो आणि आजोबांचं नाक नातवाच्या चेहऱ्यावर दिसतं. पण इतकी घट्ट जोडणी वापरायची तर ती हवी तेव्हा सोडवणारा कुणीतरी हवा. हे विकर ते काम सेकंदाच्या छोट्या अंशात करतं.

प्रयोगशाळेत ते डोळ्यांना दिसतं. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट नावाचं एक रसायन आहे, विरघळवलं की पाण्यासारखं. त्यात रुग्णाच्या रक्तातला सीरम घालायचा. विकराने फॉस्फेट तोडलं की उरलेला भाग अल्कलाइन द्रावणात पिवळा होतो. जितकं विकर जास्त तितका पिवळेपणा भराभर चढतो, आणि यंत्र त्या चढण्याचा वेग मोजतं. नोकरीच्या सुरुवातीला मी नळ्या ओळीने लावून नुसत्या नजरेने अंदाज बांधायची. कुणाची हळदीच्या दुधासारखी फिकट, कुणाची गर्द. म्हणजे रिपोर्टातला आकडा हा विकराचं वजन नसतो, त्याच्या कामाचा वेग असतो. हे लक्षात ठेवा, कारण विकर हजर असूनही काम बंद पडू शकतं. तो धडा मी फजिती होऊन शिकले.

नोकरीला लागून दोनेक महिने झाले होते. एका रुग्णाचं रक्त साध्या बल्बमध्ये अगदी थोडं आलं होतं आणि ईडीटीएच्या बल्बमध्ये भरपूर. ईडीटीए म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन. हल्लीची जांभळ्या टोपणाची नळी ती हीच. मी शहाणपणा करून जांभळ्यातलं थोडं साध्यात ओतलं. दुपारी निकाल आला: अल्कलाइन फॉस्फेटेज जवळजवळ शून्य. आमच्या वरिष्ठांनी कागद हातात घेतला, कॅल्शियमचा आकडा बघितला, तोही तळाला गेलेला. पोटॅशियम बघितलं, ते जिवंत माणसात असूच शकणार नाही इतकं चढलेलं. नळी न बघताच ते म्हणाले, "ईडीटीए घातलंयस तू यात." पोटॅशियम त्या रसायनाबरोबरच आलेलं होतं. कॅल्शियम त्याने पकडून ठेवलं होतं. पण विकर कशामुळे मेलं? त्याचं उत्तर विकराच्या रचनेत आहे.

ही रचना आधी नीट कळली ती माणसाच्या नव्हे, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या विकराची. येल विद्यापीठातल्या युनीस किम आणि हॅरल्ड वायकॉफ यांनी १९९१ साली तिचं बारकाईने काढलेलं चित्र प्रसिद्ध केलं. पद्धत अशी, की शुद्ध विकराचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून प्रत्येक अणूची जागा काढायची. ४४९ अमिनो आम्लांची एक साखळी घडी घालून गोळा झालेली, आणि असे दोन गोळे एकमेकांना बिलगून. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर एक उथळ खाच. सगळा कारभार त्या खाचेत चालतो.

खाचेच्या तळाशी जस्ताचे दोन अणू बसवलेले आहेत, एकमेकांपासून सुमारे चार अँगस्ट्रॉमवर. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. जरा बाजूला मॅग्नेशियमचा एक अणू. तिन्ही धातू धनभारित. मघाशी म्हटलेली ऋणभारांची ढकलाढकल इथे संपते: फॉस्फेटची शेपटी खाचेत शिरते आणि दोन जस्तांच्या मध्ये अडकून बसते. त्यात आर्जिनीन नावाचं एक अमिनो आम्ल दोन बोटांनी चिमटीत धरल्यासारखं तिला धरतं. आता साखळीतलं १०२ क्रमांकाचं अमिनो आम्ल, सेरीन, पुढे येतं. जस्तामुळे त्याचा ऑक्सिजन धारदार झालेला असतो. तो एका बाजूने फॉस्फरसवर घुसतो आणि विरुद्ध बाजूने मूळ रेणू सुटून जातो. छत्री वाऱ्याने उलटी व्हावी तसं फॉस्फेट या झटापटीत उलटं होतं. क्षणभर फॉस्फेट खुद्द विकरालाच जोडलेलं राहतं. मग दुसऱ्या जस्ताने तयार ठेवलेला पाण्याचा रेणू तसाच समोरून घुसतो, सेरीन मोकळं होतं, फॉस्फेट बाहेर पडतं, आणि खाच पुढच्या गिऱ्हाइकासाठी रिकामी. माणसाच्या विकरातही दोन जस्त, एक मॅग्नेशियम आणि सेरीन हीच मांडणी आहे.

ईडीटीए धातूंना खेकड्यासारखं पकडतं. त्याने माझ्या नळीतल्या विकराचे जस्त आणि मॅग्नेशियम काढून घेतले होते. गोळा शाबूत होता, खाचही होती, पण खाचेत दात उरले नव्हते.

आता हाडाकडे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली एक शोधनिबंध लिहिला. फॉस्फेट जोडलेल्या साखरेवर ते काम करत होते. तिचा कॅल्शियम क्षार पाण्यात विरघळतो, पण फॉस्फेट तुटून मोकळं झालं की कॅल्शियम फॉस्फेट बनतं आणि ते विरघळत नाही, साका बनून तळाशी बसतं. रॉबिसन यांनी वाढत्या वयाच्या उंदीर-सशांची हाडं अशा द्रावणात ठेवली. साका जमू लागला. वाढत्या हाडात फॉस्फेट तोडणारं विकर भरपूर आहे, हे त्यांनी दाखवलं आणि अनुमान काढलं की हाड कडक होतं ते असंच: विकर फॉस्फेट मोकळं करतं, ते कॅल्शियमला भेटतं आणि दगड जमतो.

कल्पना सुरेख होती आणि निम्मी बरोबर होती. पुढे १९६०च्या दशकात लक्षात आलं की रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट नावाचा, दोन फॉस्फेट जोडून झालेला एक रेणू असतो आणि तो कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक वाढूच देत नाही. सगळं शरीर दगड होत नाही याचं थोडं श्रेय त्याला आहे. हाडाच्या जागी मात्र त्याला हटवावं लागतं, आणि ते काम हे विकर करतं. म्हणजे गवंड्याला विटा पुरवण्यापेक्षा वाटेतला अडथळा काढण्याचं काम मोठं.

हे विकर हाड रचणाऱ्या पेशींच्या आत नसतं, बाहेरच्या अंगाला असतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्याला होड्या नांगरून ठेवलेल्या असतात तसं ते पेशीच्या पातळ आवरणाला स्निग्ध पदार्थाच्या एका दोराने बांधलेलं असतं. त्यातले काही दोर तुटतात आणि होड्या रक्ताच्या प्रवाहात वाहत येतात. आपण सुईने रक्त काढून मोजतो त्या या भरकटलेल्या होड्या. पोर वाढीला लागलं की हाडाच्या पेशी जोरात, होड्या जास्त, आकडा मोठा. लहान मुलांचा आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणं हेच त्यांचं आरोग्य. मुडदूस झाला की आकडा आणखी चढतो, कारण ड जीवनसत्त्वाअभावी माल पोचत नाही आणि पेशी मात्र राबतच राहतात. मोडलेलं हाड जुळताना चढतो. हाडात गाठ असली तरी चढू शकतो, तेही खरं; मोबाइलवर पोरांनी वाचलं ते खोटं नव्हतं, फक्त लांबलचक यादीतली एकच ओळ त्यांनी वाचली होती.

उलटीही गोष्ट आहे. १९४८ साली कॅनडातले डॉक्टर रॅथबन यांनी एका तान्ह्या बाळाचं वर्णन केलं. हाडं मऊ, आणि रक्तात हे विकर जवळजवळ नाही. त्यांनी या आजाराला हायपोफॉस्फेटेशिया म्हटलं. विकराच्या जनुकातच दोष असतो. पायरोफॉस्फेट साचतं, हाड घट्ट होत नाही, दात मुळासकट लवकर पडतात. फार दुर्मिळ आजार, आणि त्याचं तीव्र रूप झालेली बाळं पूर्वी वाचत नसत. २०१५ साली या आजारावर औषध मंजूर झालं. ते औषध म्हणजे हेच विकर, कारखान्यात तयार केलेलं आणि त्याला हाडाला चिकटणारी शेपटी जोडलेली. इंजेक्शनाने दिलं की ते हाडापाशी जाऊन बसतं. खाचेतल्या दोन जस्तांवर एका बाळाचा जीव कसा टांगलेला असतो, याचा याहून उघड पुरावा मला माहीत नाही.

हाडाशिवाय यकृतातही हे विकर असतं, पित्ताची वाट अडली की ते रक्तात उतरतं. आतड्याचं वेगळं, गर्भवतीच्या वारेचं वेगळं. शेवटच्या तीन महिन्यांत तिचा आकडा त्यामुळेच चढलेला असतो. मग आकडा कुणाचा, हे ओळखायचं कसं? एक जुना उपाय उष्णतेचा होता. सीरम ५६ अंशांवर दहा मिनिटं ठेवायचा. हाडाचं विकर बरंचसं मरतं, यकृताचं जास्त तग धरतं, आणि वारेचं तर ६५ अंशांनाही जुमानत नाही. हल्ली त्यापेक्षा सोपं करतात, जीजीटी नावाचं दुसरं विकर मोजतात. ते यकृताबरोबर वाढतं, हाडाबरोबर वाढत नाही.

उष्णतेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते, दुधातही हे विकर असतं. ते क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णतेला मरतं. इंग्लंडमध्ये के आणि ग्रॅहम यांनी १९३५ साली यावरून परीक्षा बसवली: पाश्चरीकरण झालेल्या दुधात विकर जिवंत सापडलं, तर समजायचं की दूध पुरतं तापलेलं नाही, किंवा त्यात कच्चं मिसळलंय. दुग्धशाळांत आजही ती परीक्षा होते. इथे विकर मेलेलं सापडणं हीच चांगली बातमी.

पण त्या रात्री वाचताना मला खरा धक्का दिला तो आपल्याच मुंबईतल्या, ट्रॉम्बेच्या कामाने. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांसमोर प्रश्न वेगळाच होता. अणुउद्योगाच्या सांडपाण्यात युरेनियम फार पातळ प्रमाणात विरघळलेलं असतं. ते गोळा कसं करायचं? विरघळलेल्या युरेनियमला फॉस्फेट भेटलं की न विरघळणारा युरेनियम फॉस्फेट बनतो. मग फॉस्फेट नुसतं ओतून चालणार नाही का? पातळ द्रावणात तो साका इतका बारीक पडतो की हाती लागत नाही. जिवाणूच्या अंगावर विकर असेल आणि ते तिथल्या तिथे फॉस्फेट मोकळं करत असेल, तर साका जिवाणूवरच जमतो आणि जिवाणू गोळा केले की युरेनियम गोळा. रॉबिसनचंच हाड, फक्त कॅल्शियमच्या जागी युरेनियम!

श्रीकुमार आपटे यांच्या गटाने २००६ साली यातलं पहिलं काम प्रसिद्ध केलं; पहिल्या लेखिका दीप्ती अप्पुकुट्टन. त्यांनी विषमज्वराच्या जिवाणूतल्या एका फॉस्फेटेजचं जनुक, हे आम्लात चालणारं, डायनोकॉकस नावाच्या जिवाणूत घातलं. हा डायनोकॉकस १९५६ साली अमेरिकेत मांसाच्या डब्यात सापडला होता. किरणोत्सर्गाने डबे निर्जंतुक करायचा प्रयोग चालला होता आणि हा पठ्ठ्या त्यातून जिवंत निघाला. ट्रॉम्बेच्या प्रयोगात त्याने सहा तासांत ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम खाली बसवलं, आणि गॅमा किरणांचा प्रचंड मारा सोसूनही हे काम सोडलं नाही.

पण सगळं सांडपाणी आम्ल नसतं. अल्कलाइन द्रावणात युरेनियम कार्बोनेटच्या रूपात असतं, तिथे अल्कलाइन विकर हवं. ते मिळालं स्फिंगोमोनास या जिवाणूच्या बीएसएआर-१ या वाणात. हा जिवाणू ते विकर सतत बनवतो आणि बाहेरही सोडतो. २००८ साली कैझाद निलगिरीवाला आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुक शोधून ई. कोलायमध्ये घातलं आणि विकराला फो-के असं नाव दिलं. मूळ जिवाणूला जे काम करायला सात तासांहून जास्त लागत होते, ते या नव्या जिवाणूने दोन तासांच्या आत केलं. पीएच ९च्या द्रावणातलं ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम साक्यात आलं, आणि पेशींच्या एक ग्रॅम कोरड्या वजनावर ३.८ ग्रॅम युरेनियम चढलं. आपल्या वजनाच्या जवळजवळ चौपट ओझं घेऊन बसलेला जिवाणू!

मग त्यांनी या विकराचे स्फटिक बनवले आणि खाचेत डोकावले. सुभाष बिहानी आणि सहकाऱ्यांचा तो लेख २०११ साली 'प्लॉस वन'मध्ये आला, आणि त्यात दिसलेलं पाठ्यपुस्तकाला धरून नव्हतं. सेरीनच्या जागी थ्रिओनीन आहे. हे सेरीनचंच थोरलं भावंड, एका कार्बनने मोठं. मॅग्नेशियमसारख्या तिसऱ्या धातूसाठी जागाच नाही. आणि मघाशी दोन बोटांनी फॉस्फेट धरणारं म्हटलं ते आर्जिनीन, जे इतक्या विकरांत टिकून राहिलंय, ते इथे गायब. त्याऐवजी लायसीन आणि अस्परजीन अशी दोन वेगळी अमिनो आम्लं फॉस्फेट धरतात. अशी पकड तोवर कोणत्याही अल्कलाइन फॉस्फेटेजमध्ये दिसली नव्हती. हा नवाच वर्ग मानावा, असं त्यांनी मांडलं. मी वर खाचेचं जे वर्णन केलं त्यातलं अटळ काय आणि बदलता येण्याजोगं काय, हे या तुलनेतून कळतं. दोन धातू, एका बाजूने घुसणं, दुसऱ्या बाजूने सुटणं, एवढं दोन्हीकडे आहे. बाकी पकड कुणाच्या बोटांची, हे दुय्यम.

आणि माझं एक मत, ते चुकीचं असेल तर जाणकारांनी सांगावं: रॉबिसनची मूळ कल्पना हाडापेक्षा ट्रॉम्बेच्या भांड्यालाच जास्त चपखल बसते. तिथे पायरोफॉस्फेटचा अडथळा वगैरे काही नाही. फॉस्फेट मोकळं झालं, धातूला भेटलं, साका झाला.

आता पोराचं काय झालं ते. दुसऱ्या दिवशी वसईतल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासलं. चालवून बघितलं, मनगटं चाचपली, पोट दाबून बघितलं. मनगटाचा एक्स-रे काढला आणि रक्त पुन्हा पाठवलं. जीजीटी व्यवस्थित, बिलिरुबिन व्यवस्थित, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व सगळं जागेवर. तेव्हा त्या म्हणाल्या की पाच वर्षांखालच्या मुलांत कधीकधी हा आकडा असाच उसळतो, बऱ्याचदा ताप-जुलाबानंतर, आणि साधारण चार महिन्यांच्या आत आपोआप उतरतो. हाडं नीट, यकृत नीट, तर औषध नाही, स्कॅन नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. हे का होतं, याचं एक स्पष्टीकरण असं देतात की विकर जास्त बनतं असं नाही, रक्तातून ते काढून टाकण्याचं यकृताचं काम काही काळ मंदावतं. भरकटलेल्या होड्या किनाऱ्याला लागायच्या थांबतात, म्हणून समुद्रात गर्दी दिसते.

मुलाच्या बापाला ते पटेना. "काहीच करायचं नाही म्हणजे काय?" असं तो मला दोनदा येऊन विचारून गेला. आकडा ३००० आणि औषध शून्य, हे कुठल्या बापाला पटेल? मी त्याला नळीतल्या पिवळ्या रंगाचं सांगितलं, होड्यांचं सांगितलं. किती कळलं कोण जाणे, पण चेन मोडली नाही आणि गणपतीत त्याने टेम्पो पुन्हा सुरू केला. गौरी जेवल्या त्या दिवशी पोर दोन वेळा मागून जेवलं.

दसऱ्याच्या सुमाराला आकडा ९४० झाला. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात २८४. शेजारीण तो रिपोर्ट घेऊन पुन्हा ओट्यावर आली, तिचा चेहरा उतरलेला.

"ताई, तारा तर अजून आहे."

होता खरा. त्या प्रयोगशाळेने याही वेळी मोठ्या माणसांची मर्यादा छापली होती, ४० ते १३०, आणि यंत्राने इमानेइतबारे तारा मारला होता. मी तिला सांगितलं की या वयाच्या मुलाला २८४ अगदी योग्य, पोर वाढतंय याची खूण. हा आकडा १३०च्या खूप खाली आला असता, तर मात्र मीच तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं.